शाळेसमोरच्या रस्त्यासाठी अर्ज कसा करावा: टेबलाच्या पलीकडून काही सूचना

"मुलांच्या जिवाला धोका आहे, तरी शाळेसमोर तातडीने गतिरोधक बसवावा, ही नम्र विनंती." खाली पानभर सह्या. मी रस्ते विभागात अभियंता होते, आणि शाळांकडून येणारे बहुतेक अर्ज या एका वाक्याचे असत. त्यातले बरेचसे "तपासून योग्य ती कार्यवाही करावी" असा शेरा घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात आणि शेवटी फायलीत बसत. पालकांना वाटे, कुणाला काही पडलेलीच नाही. बऱ्याचदा अडचण त्याहून साधी असे: काय करायचं हे वाचणाऱ्याला कळतच नसे. शाळेला तीन फाटकं, दोन बाजूंना रस्ते. धोका नक्की कुठे? भरताना की सुटताना? गाड्या वेगात येतात म्हणून, की उभ्या गाड्यांच्या आडून मूल दिसत नाही म्हणून? प्रत्येकावरचा उपाय निराळा आणि तो करणारं खातंही निराळं.

म्हणून अर्जात उपायाच्या आधी जागा, वेळ आणि आकडा द्या. "पूर्वेच्या फाटकासमोर, सकाळी शाळा भरण्याआधीच्या अर्ध्या तासात, इतकी मुलं, इतकी वाहनं." असा अर्ज बाजूला सारणं अवघड असतं, कारण मग अधिकाऱ्याला एक तर तो आकडा मान्य करावा लागतो किंवा स्वतः येऊन मोजावं लागतं. दोन्हीत तुमचाच फायदा.

रस्ता कुणाच्या ताब्यात आहे

हे लिहायला बसण्याआधी शोधा. रस्ता पालिकेचा असेल, ग्रामपंचायतीचा असेल, नाहीतर महामार्गाच्या खात्याचा. दिसायला एकच रस्ता, पण चौकापर्यंत एका खात्याचा आणि पुढे दुसऱ्याचा, असं सर्रास असतं. शेवटचं डांबरीकरण कुणी केलं ते विचारा. रस्ता बहुधा त्याचाच निघतो.

मग कामाची वाटणी. पट्टे, फलक, गतिरोधक, फूटपाथ ही कामं रस्ता ज्याचा त्याची. पार्किंगबंदीची अंमलबजावणी, वेगावर कारवाई आणि पुष्कळ ठिकाणी वॉर्डन, म्हणजे मुलांना रस्ता ओलांडून देणारा माणूस, नेमणं हे पोलिसांकडे. फाटक कुठलं उघडायचं, वर्ग किती वाजता सोडायचे, बस आणि रिक्षा कुठे थांबवायच्या, हे शाळेच्या हातात. एकाच मजकुराच्या प्रती तिघांनाही पाठवल्या की प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पुरेसं पाहिलंय. तीन वेगळी पत्रं लिहा. प्रत्येकात फक्त त्या खात्याचं काम असू द्या, आणि मोजणीचा तक्ता तिन्हींना तोच जोडा.

अर्ध्या तासाची मोजणी

हे काम चार पालक मिळून सहज करू शकतात. नेहमीचा, सुट्टीला लागून न येणारा दिवस घ्या. मुलं जिथे प्रत्यक्ष रस्ता ओलांडतात ती जागा पकडा. पट्टे असतील तिथेच मुलं ओलांडतात असं नाही. जिथून घर जवळ पडतं तिथून ती ओलांडतात. एकाने ओलांडणारी मुलं मोजायची, दुसऱ्याने दोन्ही दिशांची वाहनं, तिसऱ्याने घड्याळ सांभाळून दर पाच मिनिटांचे आकडे वेगळे लिहायचे. चौथ्याचं काम पुढे सांगते.

या आकड्यांचं काय करायचं? ब्रिटनमध्ये 1953 साली शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या माणसांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. हातात लांब दांड्याचा गोल फलक घेतलेल्या या माणसांना तिथे प्रेमाने 'लॉलीपॉप' माणसं म्हणतात. माणूस कुठे नेमायचा हे ठरवायला तिथे एक सोपं गणित वापरतात: सगळ्यात गर्दीच्या अर्ध्या तासातली मुलं, गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. गुणाकार 40 लाखांच्या वर गेला की माणूस नेमण्याइतकी ती जागा अवघड, असं धरतात. समजा 60 मुलं आणि 260 वाहनं. 260 चा वर्ग 67,600, गुणिले 60, म्हणजे 40 लाख 56 हजार. रेषेच्या जरा वर. गणितात वाहनांचा वर्ग आहे, म्हणून वाहनं थोडी वाढली तरी आकडा झपाट्याने चढतो. मुलं लहान असतील, वळणामुळे गाडी उशिरा दिसत असेल किंवा तिथे आधी अपघात झाले असतील तर तिथले अधिकारी आकड्यात भर घालतात. तुमच्याकडे हा नियम लागू नसेलही, पण अर्जात हे गणित मांडलं की वाचणाऱ्याला तुमची जागा किती अवघड आहे हे एका ओळीत समजतं.

मला स्वतःला दुसरी रीत जास्त आवडते. ती अमेरिकेतल्या वाहतूक अभियंत्यांची आहे. वाहनं किती, यापेक्षा दोन वाहनांमध्ये ओलांडण्याइतकी फट किती वेळा मिळते हे ती विचारते. गणित असं: रस्त्याची रुंदी मीटरमध्ये घ्या आणि 1.07 ने भागा, कारण मूल सेकंदाला साधारण तेवढं चालतं असं धरतात. त्यात बघून पाऊल उचलायला 3 सेकंद मिळवा. मुलं घोळक्याने येत असतील तर पाच-पाचची रांग धरा आणि पहिल्या रांगेनंतरच्या प्रत्येक रांगेमागे 2 सेकंद वाढवा. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर एकट्या मुलाला साडेनऊ सेकंदांची फट लागते, पंधरा मुलांच्या घोळक्याला साडेतेरा. आता स्टॉपवॉच घेऊन बघा, मुलं ओलांडत असतात त्या वेळात अशी पुरेशी फट किती वेळा येते. सरासरी मिनिटाला एकदाही येत नसेल, तर मुलं कंटाळून न मिळालेल्या फटीत घुसणारच. अशा जागी काहीतरी करणं आवश्यक, असं ती रीत सांगते. "मुलं बेशिस्तीने पळतात" हे वाक्य कुठल्याही बैठकीत ऐकू येतं. त्यावर या तक्त्याइतकं चांगलं उत्तर माझ्या माहितीत नाही.

आता चौथा पालक. त्याने वाहनांचा वेग मोजायचा. रस्त्याच्या कडेला खडूने 50 मीटर अंतरावर दोन खुणा करा. गाडी पहिल्या खुणेवरून दुसरीपर्यंत 6 सेकंदांत गेली तर वेग ताशी 30 किलोमीटर, 3.6 सेकंदांत गेली तर 50. पन्नासेक गाड्या मोजल्या तरी चित्र उमगतं. सुसाट गेलेल्या एकाच गाडीचा वेग ठळक करून लिहू नका, तो कुणी मनावर घेत नाही. शंभरातल्या 85 गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग लिहा; अभियंते तोच बघतात.

मोजणी संपल्यावर फूटपाथच्या कडेला उकिडवे बसा. आठ वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्या आतच असतात. त्या उंचीवरून गाड्या येतात त्या दिशेचा एक फोटो घ्या आणि उभं राहून तसाच दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी छापा. उभ्या गाडीच्या बॉनेटपलीकडे मुलाला काहीही दिसत नाही हे सांगायला मग परिच्छेद लागत नाही. फोटोत मुलांचे चेहरे येऊ देऊ नका.

काय मागायचं, आणि कशामागे धावायचं नाही

सगळ्यात आधी ज्याला जवळजवळ खर्च नाही ते मागा: ओलांडण्याच्या जागेलगत गाड्या उभ्या करायला बंदी. कॅलिफोर्नियात आता क्रॉसिंगच्या आधी 20 फूट, म्हणजे सुमारे 6 मीटर, गाडी लावायला कायद्यानेच मनाई आहे. ब्रिटनमध्ये शाळेच्या फाटकासमोर नागमोडी पिवळ्या रेषा आखून जागा मोकळी ठेवतात. आपल्या रस्त्यावर रंगाची रेघ कुणी जुमानत नसेल तर तिथे प्लास्टिकचे खांब किंवा कुंड्या मागा. इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. फाटकाला खेटून उभ्या असलेल्या गाड्या बहुतेक पालकांच्याच असतात. अधिकारी पाहणीला येतो तेव्हा त्याला पहिल्यांदा तेच दिसतं, आणि मग तुमच्या अर्जातला अर्धा जोर तिथेच ओसरतो. पालकसभेत हा विषय आधी मिटवा.

दुसरी मागणी वेगाची. ताशी 30 ची मर्यादा का मागायची, याला कारण आहे. समोर मूल दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा साधारण एक सेकंद जातो. ताशी 30 ने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर त्या सेकंदासकट सुमारे 13 मीटरांत थांबते. ताशी 50 ने येणारी गाडी तेवढं अंतर फक्त त्या एका सेकंदातच कापते. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागायचाच असतो, आणि ती मुलापर्यंत पूर्ण वेगात पोचते. माणसं आणि वाहनं जिथे एकत्र येतात तिथे 30 ची मर्यादा असावी, असं 2020 च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यातही लिहिलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा, सरकारी फाइलीत अशा गोष्टींना वजन असतं.

नुसता फलक लावून मात्र वेग कमी होत नाही. तो रस्त्याच्या रचनेने कमी होतो, आणि तिथे गतिरोधक येतो. गतिरोधक मागा, पण मापासकट मागा. नीट बांधलेला गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर लांब आणि मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच असतो. हे माप ब्रिटिश संशोधनातून आलं, आणि भारतात रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकातही तेच आहे. त्यावरून ताशी 25 च्या आसपास गाडी आरामात जाते आणि त्याहून वेगात गेली की दणका बसतो. रातोरात डांबराचा जो अरुंद उंच बांध घालतात, त्यावर दुचाकीवाले घसरतात, रुग्णवाहिका अडखळते, आणि तक्रारी आल्या की खातं तो उखडून टाकतं. मग पुढची काही वर्षं त्या शाळेचं नाव घेतलं की सगळे हात वर करतात. त्याहून चांगलं म्हणजे ओलांडण्याची जागाच फूटपाथच्या उंचीला आणणं: गाडीला चढावं लागतं, मूल सपाट चालतं.

झेब्रा पट्टे सगळेच मागतात. अरुंद, हळू रस्त्यावर ते ठीक आहेत. पण दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन असलेल्या वर्दळीच्या रस्त्यावर फक्त पट्टे मारून थांबू नका. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनासाठी झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की, दिवसाला 12,000 हून अधिक वाहनांच्या बहुलेन रस्त्यावर नुसते पट्टे असलेल्या जागी पादचाऱ्यांचे अपघात बिनपट्ट्यांच्या जागांपेक्षा जास्त होते. एक गाडी सौजन्याने थांबते, तिच्या आडून दुसऱ्या लेनमधली गाडी येते, आणि दोघांनाही दुसरा दिसत नाही. अशा रस्त्यावर मध्ये थांबायला दुभाजकात सुरक्षित जागा किंवा सिग्नल मागा. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्यांकडे बघायचं असेल तर मुलाचं काम निम्म्याने सोपं होतं.

शाळा भरताना आणि सुटताना रस्ताच बंद ठेवायचा, हा आणखी एक मार्ग. इटलीतल्या बोल्झानो शहरात 1989 पासून शाळांसमोरचे रस्ते अशा वेळी पाव तास वाहनांना बंद करतात. पुढे ही पद्धत युरोपात बरीच पसरली. गल्लीत शाळा असेल आणि रहिवाशांची संमती मिळत असेल तर याला बांधकाम लागत नाही, फक्त परवानगी आणि हलवता येणारे अडथळे लागतात. मुख्य रस्त्यावर मात्र हा हट्ट धरू नका. त्यापेक्षा मुख्य रस्त्यावरचं फाटक बंद करून बाजूच्या गल्लीतलं उघडता येतं का ते मुख्याध्यापकांना विचारा. एका कुलपाची जागा बदलून सुटलेला प्रश्न मी पाहिलेला आहे.

वॉर्डन मागताना

रस्ता ओलांडून देणारा माणूस ही मागणी सगळ्यात लवकर मान्य होऊ शकते आणि सगळ्यात लवकर विरूनही जाते. आजारपण, बदली, बंदोबस्त; तिसऱ्या आठवड्यात खांबापाशी कुणी नसतं. आणि माणूस उभा असण्याची सवय झालेलं मूल त्या दिवशीही तितक्याच बेफिकिरीने उतरतं. त्यामुळे अर्जात माणसाबरोबर चार गोष्टी लिहून मागा: नेमकी वेळ, गैरहजेरीत बदली कोण, प्रशिक्षण कोण देणार, आणि गाड्या थांबवायचा त्याला कायद्याने अधिकार आहे की नाही.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये फलक दाखवल्यावर न थांबणं हा चालकाचा गुन्हा ठरतो. पालक स्वतः स्वयंसेवक म्हणून उभे राहणार असाल तर असा अधिकार तुम्हाला आपोआप मिळत नाही. वाहतूक पोलिसांकडून लेखी परवानगी आणि ओळखपत्र घेतल्याशिवाय रस्त्यात उतरू नका. काही झालं तर विमा कुणाचा, हेही त्याच पत्रात विचारून ठेवा.

काम कसं करायचं, तेही ठरलेलं असतं. मुलांना फूटपाथच्या कडेपासून मागे थांबवायचं. फट बघायची, मग आधी आपण रस्त्यात जाऊन फलक उंच धरून उभं राहायचं. प्रत्येक लेनमधली गाडी पूर्ण थांबली, चालकाशी नजर मिळाली, की मगच मुलांना बोलवायचं. शेवटचं मूल पलीकडच्या फूटपाथवर चढल्यावर आपण बाहेर यायचं. भरधाव वाहतूक अंगावर घेऊन अडवणं हे पोलिसाचं काम आहे, वॉर्डनचं नाही. अंगात चमकणारं जाकीट, दोन्ही बाजूंनी वाचता येणारा 'थांबा' फलक, एवढं साहित्य पुरतं. शिट्टी फुंकत हात हलवणारा माणूस दुरून वाहतूक सोडतोय असं वाटतं, चालकांचा गोंधळ होतो. रस्ता चार लेनचा असेल तर एका माणसावर भागवू नका. दोन्ही बाजूंना एकेक हवा. आणि मोठ्या वर्गातल्या मुलांना या कामाला रस्त्यात उभं करण्याच्या मी विरुद्ध आहे. फूटपाथवर लहानांना रांगेत थांबवणं, इथपर्यंतच त्यांचं काम.

अर्जाचा मजकूर

एका पानात बसवा. रस्ते विभागाला असा काहीसा:

"विषय: शाळेच्या पूर्व फाटकासमोर मुलांना रस्ता ओलांडण्यासाठी सुरक्षित व्यवस्था करण्याबाबत. महोदय, वरील ठिकाणी दि. ___ रोजी सकाळी ___ ते ___ या अर्ध्या तासात आम्ही मोजणी केली. ___ मुलांनी रस्ता ओलांडला, दोन्ही दिशांनी ___ वाहने गेली. रस्त्याची रुंदी ___ मीटर असून ओलांडण्यास ___ सेकंदांची फट लागते. तशी फट अर्ध्या तासात ___ वेळा मिळाली. मोजलेल्या ___ वाहनांपैकी ___ वाहने ताशी 30 पेक्षा अधिक वेगात होती. मोजणीचा तक्ता, नकाशा व छायाचित्रे जोडली आहेत. आमच्या मते येथे उंचावलेले क्रॉसिंग व दोन्ही बाजूंस पार्किंगबंदी आवश्यक आहे. तांत्रिकदृष्ट्या अन्य उपाय योग्य असल्यास तो करावा. आपण शाळेच्या वेळेत स्थळपाहणी करावी व पाहणीची तारीख कळवावी, म्हणजे आम्ही उपस्थित राहू."

"अन्य उपाय योग्य असल्यास" हे शब्द गाळू नका. त्याने अभियंत्याला हो म्हणायला जागा राहते. "शाळेच्या वेळेत" हेही तितकंच आवश्यक आहे. दुपारी बाराला केलेल्या पाहणीत रस्ता रिकामा दिसतो आणि अहवालात "वर्दळ मध्यम" लागतं. मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असेल तर उत्तम. खात्याला पालकांच्या शंभर सह्यांपेक्षा संस्थेचं एक पत्र हाताळायला सोपं जातं. नकाशा हाताने काढलेला चालतो, फक्त फाटकं, वळण, बसथांबा आणि मुलांची वाट त्यात हवी.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाची पोच घ्या. ती नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. ठरावीक दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या. नवा अर्ज करू नका, नवी फाइल उघडते आणि तुमचा नंबर पुन्हा शेवटी जातो. माहितीच्या अधिकाराचा कायदा असलेल्या देशात पुढची पायरी सोपी आहे. भारतात 2005 च्या कायद्यानुसार साधारणपणे 30 दिवसांत माहिती द्यावी लागते. "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्यावर गोलमोल उत्तर येतं. "आवक क्रमांक अमुकच्या अर्जावरील सर्व शेऱ्यांच्या आणि स्थळपाहणी अहवालाच्या प्रती द्याव्यात" असं मागा. पाहणी झालीच नसेल तर ती त्या आठवड्यात होते.

अंदाजपत्रकाचा हंगामही लक्षात घ्या. बांधकामाची मागणी वर्षाच्या शेवटी गेली तर पैसे संपलेले असतात. पुढच्या वर्षाच्या तरतुदी ठरतात त्याच्या दोन-तीन महिने आधी ती टेबलावर असायला हवी. पार्किंगबंदी, पट्टे, वॉर्डन यांना ही वाट बघायची गरज नाही; त्यांचं पत्र आजच जाऊ द्या.

काम झालं की महिन्याभराने तीच मोजणी, त्याच फाटकावर, त्याच वेळेला पुन्हा करा आणि दोन्ही तक्ते एका पानावर छापून खात्याला पाठवा. वेग उतरला असेल तर अभियंत्याला पुढच्या शाळेसाठी दाखवायला पुरावा मिळतो. उतरला नसेल तर तुमचं दुसरं पत्र तयारच आहे, आणि त्यावर जुना आवक क्रमांक टाकायला विसरू नका.